रोहिताच्या थव्यांतील करडीं पोरें

गेल्या हिवाळ्यांत नातवंडांस घेऊन भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास गेलेल्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर नावेंतून फिरतांना त्यांस गुलाबी पक्ष्यांचा मोठा थवा दिसला. पण त्यांत मधून मधून मळकट करड्या रंगाचे, काळपट पायांचे कांहीं पक्षी उभे होते. नावाड्यानें ‘ही दुसरी जात’ असें सांगितलें. धाकट्या नातवानें ‘ते आजारी आहेत’ असें ठरविलें. यांपैकीं खरें कोणतें, असा बाईंचा प्रश्न आहे. दोन्ही खरीं नव्हेत. ते करडे पक्षीही रोहितच, पण वयानें लहान. आणि आमच्या मतें त्या थव्यांत मुद्दाम शोधून पाहण्याजोगे कोणी असतील, तर तेच होत.

रोहित हें नांवच मुळीं रंगावरून पडलेलें. मराठींत कोणी त्यास अग्निपंख म्हणतात, आणि शास्त्रज्ञांनीं ग्रीक भाषेंतून घेतलेल्या नांवाचा अर्थही ‘तांबड्या पंखांचा’ असाच होतो. अमरकोशांत राजहंसाची जी ओळख दिली आहे, म्हणजे अंग शुभ्र आणि चोंच व पाय तांबडे, ती वाचतांना हाच पक्षी डोळ्यांपुढें उभा राहतो. राजहंस म्हणजे रोहितच कीं काय, या वादांत आज शिरावयाचें नाहीं. परंतु रंगावरून केलेलें लक्षण किती अपुरें पडतें, हें येथें चांगलें दिसतें. ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला आहे त्यांस अव्याप्ति हा दोष आठवेल. ‘जी कपिल वर्णाची ती गाय’ असें म्हटलें तर पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते. तसेंच ‘जो तांबड्या पायांचा तो रोहित’ असें म्हटलें, कीं वर्षा-दोन वर्षांचीं सारीं पोरें जातीबाहेर पडतात. नावाड्याचें झालें तें हेंच.

आतां हीं पोरें वाढतात कशीं तें पाहूं. रोहिताची मादी एका वेळीं एकच अंडें घालते. उथळ पाण्यांत चिखलाचा वीत-दीड वीत उंचीचा बुटका बुरूज रचून त्याच्या माथ्यावरील खळग्यांत तें ठेवलेलें असतें, आणि नर व मादी पाळीपाळीनें सुमारें महिनाभर तें उबवितात. बाहेर आलेलें पिलूं कोणाचें, हें नवख्यास ओळखतां यावयाचें नाहीं. अंगावर राखी-पांढरी लव, पाय आंखूड, जाडसर व तांबूस, आणि चोंच अगदीं सरळ. पायांचा तांबूसपणा हा थोड्या दिवसांचा थाट. लवकरच ते काळे पडतात आणि पुन्हां गुलाबी व्हावयास वर्षें लागतात. पुढें पहिली लव जाऊन अधिक गडद राखी लव येते. पिलें घरटीं सोडून मोठ्या घोळक्यानें एकत्र वावरूं लागतात.

चोंचीस बांक येतो तो सावकाश. हा बांक शोभेसाठीं नाहीं. रोहित मान खालीं घालून, चोंच उलटी धरून, पाणी व चिखल यांतील बारीक जीव गाळून खातो. चोंचीच्या कडांस आंतून चाळणीसारखे दांते असतात आणि जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें मागेंपुढें होऊन पाणी आंत-बाहेर करते. सरळ चोंचीनें हें काम नीट साधत नाहीं. म्हणून चाळणी तयार होईपर्यंत, म्हणजे सुमारें अडीच महिने, पिलूं मुख्यतः आईबापांच्या दुधावर जगतें. दूध हा शब्द येथें अगदींच अलंकारिक समजूं नये. अन्ननलिकेच्या अस्तरांतून पाझरणारा, स्निग्धांश व प्रथिनें यांनीं युक्त असा तो रस असतो. तो मादीस जसा येतो तसा नरासही येतो. रंगानें मात्र तो रक्तासारखा तांबडा! हें पाजण्याच्या दिवसांत आईबापांचे रंग फिके पडत जातात. आणि तरीही पिलूं तें पिऊन राखीच राहतें.

याचें कारण रंगांच्या उत्पत्तींत आहे. करडा रंग शरीर स्वतः बनवितें. तांबडा रंग तें बनवूं शकत नाहीं. तो सूक्ष्म शेवाळांत व जंतूंत तयार होतो, तीं खाणाऱ्या खाऱ्या पाण्यांतील बारीक कोळंबीसारख्या जीवांत उतरतो, आणि त्यांच्यामार्फत रोहिताच्या पोटांत जातो. तेथें यकृतांत त्याचें रूपांतर होऊन तो पिसांत, चोंचींत व पायांच्या कातडींत जाऊन बसतो. गाजराचा रंग याच कुळांतला. मत्स्याहारी घरांतील भगिनींनीं उकळत्या पाण्यांत कोळंबी तांबडी होतांना पाहिली असेल. तोही रंग याच घराण्याचा. पूर्वीं प्राणिसंग्रहालयांत ठेवलेले रोहित पांढरे पडत, ते या रंगद्रव्याचा पुरवठा अन्नांतून सुरू केल्यावर पुन्हां गुलाबी झाले.

मग उडूं लागलेलें, स्वतः चरून खाणारें पोर लगेच कां रंगत नाहीं? कारण वाढ पुरी झालेलें पीस निर्जीव असतें, आपल्या नखाच्या टोंकासारखें. त्यांत आंतून नवा रंग भरतां येत नाहीं. जुनें पीस गळावें, नवें उगवावें, आणि उगवतांना त्यांत रंग पडावा, असा क्रम आहे. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उडूं लागलेला पक्षी करडा-तपकिरी असतो, पंखांवर काळसर रेघा, चोंच राखी व टोंकाशीं काळी. पुढें अंग पांढुरकें होतें, पाय व चोंच हळूहळू गुलाबी होतात, पंखांवर तांबडेपणा चढतो. पूर्ण रंग येण्यास तीन-चार वर्षें, कधीं अधिकही लागतात. (आपल्याकडे करडेपणा म्हातारपणीं येतो, येथें तो बाळपणाची खूण आहे.) एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींतील रंगीत तेल चोंचीनें पिसांवर चोळून मोठे पक्षी आपली गुलाबी छटा वाढवितात, असें स्पेनमधील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें. हा शृंगार विणीच्या हंगामापूर्वीं जोरांत असतो आणि पिलूं झालें कीं बहुतेक थांबतो!

आतां हीं करडीं पोरें महत्त्वाचीं कां तें सांगतों. आपल्या देशांत मोठ्या रोहिताची विख्यात वीण कच्छच्या मोठ्या रणांत होते. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९४५ सालीं तेथें गेले, तेव्हां पक्षी सुमारें पांच लाख असावेत असा त्यांनीं अंदाज केला. परंतु ही वीण दरवर्षीं होतेच असें नाहीं. पाऊस कमी पडला तर बुरूज रचण्यास चिखल मिळत नाहीं; पाणी फार चढलें तर घरटीं बुडतात; लवकर आटलें तर कोल्हीं-कुत्रीं चालत घरट्यांपर्यंत येतात. आणि रोहित हा दीर्घायुषी पक्षी. ऑस्ट्रेलियांत ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयांत २०१४ सालीं एक रोहित वारला, तो किमान ८३ वर्षांचा असावा असें मानतात. त्यामुळें ओळीनें चार वर्षें वीण फसली तरी भिगवणचा थवा पूर्वींसारखाच भरगच्च व गुलाबी दिसेल. चाकरमानी परत गेल्यावर कोंकणांतलें गांव जसें दिसतें, घरें तींच, दिवेलागणही तीच, पण अंगणांत पोर नाहीं, तसा तो थवा असेल. वीण साधली कीं नाहीं हें गुलाबी पक्षी सांगत नाहींत. तें करडे सांगतात.

मुंबईकरांस भिगवणपर्यंत जावयास नको. ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५ सालीं रोहितांसाठीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तेथें मुख्यतः धाकटी जात असते. तिच्या मोठ्या पक्ष्यांची चोंच गडद, दुरून काळी वाटणारी असते. तिचीं पोरेंही करडीं असतात, तेव्हां जात ओळखावी ती चोंचीवरून व आकारावरून, अंगाच्या रंगावरून नव्हे.

पाहण्याची रीत सोपी आहे. सूर्य पाठीशीं ठेवावा, दुर्बीण न्यावी आणि नाव थव्यांत घालूं देऊं नये. छायाचित्रासाठीं पक्षी उडवून लावण्याची जी चाल पडली आहे ती सर्वथा वाईट. त्यानें चरणें मोडतें, आणि उडत्या थव्यांत वय मोजतां येत नाहीं. थव्याच्या एका टोंकापासून शंभर पक्षी मोजावे व त्यांत काळपट पायांचे किती तें पाहावें. मग दुसऱ्या ठिकाणीं आणखी शंभर. नुसत्या लहान आकारावर जाऊं नये, कारण मादीही नराहून लहान असते. वहींत तारीख, स्थळ, एकूण मोजलेले आणि त्यांपैकीं करडे, एवढे चार रकाने पुरेत. वाचकांनीं या हिवाळ्यांतील आपले आंकडे पाठविल्यास ते या सदरांत अवश्य छापूं.