शहापूर-मुरबाडला हेलिकॉप्टर रुग्णवाहिका मिळेल का? खरी अडचण हेलिकॉप्टरची नाहीच

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. तेव्हापासून आमच्या शहापूर तालुक्यात एक प्रश्न सारखा कानावर येतो. "एवढा रस्ता केला, मग एक हेलिकॉप्टर का नाही ठेवत?" माळशेज घाटात दरड आली की मुरबाडकर हेच विचारतात. माहुलीवर कोणी ट्रेकर अडकला की व्हॉट्सअॅपवर हेच फिरतं.

मीही विचारलाय. दोन पावसाळ्यांपूर्वी डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यातून एका बाळंतिणीला झोळीत घालून आम्ही सहा जणांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. १०८ ची गाडी रस्त्यावर येऊन थांबलेली होती, पण पाड्यापर्यंत तिला वाटच नव्हती. चिखल, वाटेत ओढा, दीड तास गेला. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पण त्या दीड तासात मी वर बघत होतो, हे खरं. वर काय होतं? डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेले ढग. त्या दिवशी जगातलं सगळ्यात महागडं हेलिकॉप्टर दाराशी उभं असतं तरी ते उडालं नसतं. ते का, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

हेलिकॉप्टर आलं होतं, आणि आलं नव्हतं

आपल्या भागात हेलिकॉप्टरने माणसं काढलेली आहेत. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. भातसा नदीला पूर आला आणि खडवलीजवळचं जू-नांदखुरी गाव पाण्याने वेढलं गेलं. एनडीआरएफने हवाई दलाकडे मदत मागितली, सांताक्रूझहून एमआय-१७ हेलिकॉप्टर निघालं आणि लहान मुलांसह ५८ जणांना बाहेर काढलं. त्याच्या आठच दिवस आधी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. तिथेही नौदलाचं हेलिकॉप्टर आलं, पण प्रवासी काढले ते मुख्यतः बोटींनी.

आता दुसरी बाजू. जुलै २०२३, रायगडमधली इर्शाळवाडी. दरड रात्री कोसळली, पायथ्यापासून वाडीपर्यंत पायीच चढायचं. हेलिकॉप्टरं तयार ठेवली होती, पण खराब हवेमुळे त्यांना जाता आलं नाही. जेसीबीही वर चढवता आला नाही. जवान आणि स्थानिक ट्रेकर चालत गेले.

म्हणजे यंत्र होतं, माणसं होती, फक्त ढग आडवे आले.

ढग एवढे का नडतात?

बचावाची हेलिकॉप्टरं बहुतेक वेळा नजरेने उडतात. पायलटला जमीन दिसली पाहिजे. विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीवरची यंत्रणा वाट दाखवते. सिद्धगडाच्या किंवा आजोबाच्या पायथ्याशी तसं काहीच नाही. उलट कडे आहेत, आणि पडघ्याच्या उपकेंद्राकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा आहेत. धुक्यात दरीत शिरलेल्या पायलटला कडा आणि ढग यातला फरक कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर तंत्रज्ञानाचा उपाय आहे. स्वित्झर्लंडच्या रेगा या संस्थेने उपग्रहाच्या आधारे आखलेले कमी उंचीचे हवाई मार्ग तयार केलेत. त्यावरून ढगातही एका ठरलेल्या बिंदूपासून दुसऱ्या ठरलेल्या बिंदूपर्यंत जाता येतं. आपल्याकडेही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली 'गगन' प्रणाली आहे, आणि २०२३ मध्ये तिच्या मदतीने जुहू ते पुणे असं हेलिकॉप्टर उड्डाणाचं प्रात्यक्षिकही झालं. म्हणजे सह्याद्री ओलांडणारा मार्ग आखता येतो. पण नीट वाचा, ठरलेला बिंदू. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत असा मार्ग उद्या आखता येईल. पाड्याच्या अंगणापर्यंत नाही.

दुसरा शत्रू उन्हाळा. गरम, दमट हवा विरळ असते आणि पंख्याला तिच्यात कमी आधार मिळतो. हे पहिल्या दिवसापासूनचं दुखणं आहे. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात कार्टर हरमन या अमेरिकन पायलटने सिकोर्स्की आर-४ मधून चौघांना सोडवलं. युद्धातला हेलिकॉप्टरने केलेला हा पहिला बचाव. त्या उकाड्यात इंजिनाला एका वेळी एकच माणूस पेलत होता, म्हणून त्याने एकेक करून चार फेऱ्या मारल्या. आजची इंजिनं कैक पटींनी ताकदवान आहेत, पण मे महिन्यातल्या दुपारी पायलट आजही आधी वजनाचा हिशेब करतो, मग डॉक्टर आणि पेशंट चढवतो.

डॉक्टर पेशंटकडे

१९७० मध्ये एकट्या पश्चिम जर्मनीत रस्ते अपघातात १९ हजारांहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये 'क्रिस्टोफ १' हे बचाव हेलिकॉप्टर रुजू झालं. त्यामागची कल्पना साधी होती. पेशंटला पळवत डॉक्टरकडे नेण्याआधी डॉक्टरलाच पळवत पेशंटकडे न्यायचं. बरेचदा डॉक्टर जागेवर उपचार करतो आणि पेशंट साध्या रुग्णवाहिकेतूनच दवाखान्यात जातो.

आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. मध्य प्रदेशने २०२४ मध्ये पीएम श्री एअर अॅम्ब्युलन्स सुरू केली, आयुष्मान कार्डवाल्यांना ती फुकट आहे. चांगलीच गोष्ट. पण ती मुख्यतः दवाखान्यातल्या पेशंटला मोठ्या दवाखान्यात हलवते, आणि आधी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. एम्स ऋषिकेशची 'संजीवनी' सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, ती डोंगरातून पेशंट आणते. १७ मे २०२५ ला तेच हेलिकॉप्टर पेशंट आणायला जाताना केदारनाथजवळ आदळलं. आतले तिघंही वाचले, शेपूट मोडली.

आता आपला हिशेब मांडू. जुहूपासून शहापूर सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर. ताशी २२० च्या वेगाने अठरा मिनिटं. माळशेज घाट शंभरेक किलोमीटर, अठ्ठावीस मिनिटं. याच जुहूवरून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं जातायत, समुद्रात दीडशेपेक्षा जास्त किलोमीटर आत. पायलट आहेत, दुरुस्तीची सोय आहे. मग शहापूरला काय कमी आहे?

पहिलं, बोलावणार कोण? पुरात तहसीलदार जिल्ह्याला कळवतो, जिल्हा मंत्रालयाच्या नियंत्रण कक्षाला, आणि तिथून सैन्यदलाला विनंती जाते. गावाला पुराचा वेढा पडला असेल तर ही साखळी चालते. रस्त्यावर रक्त वाहत असलेल्या माणसासाठी चालत नाही. हेलिकॉप्टर १०८ च्याच फोनवर हललं पाहिजे.

दुसरं, पैसे. उडो न उडो, पायलट, डॉक्टर आणि देखभालीचा खर्च रोजचाच. रेगाला दरवर्षी ४० फ्रँक देणारे लाखो स्विस नागरिक आहेत. आपल्याकडे हा भार सरकारलाच उचलावा लागेल.

तिसरं, उतरायचं कुठे? मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरला साधारण ३० बाय ३० मीटर सपाट, मोकळी जागा हवी. सहा-सात कबड्डीची मैदानं मावतील एवढी. भाताच्या खाचरात बांध आडवे येतात. आणि पंख्याच्या वाऱ्याने घरांवरचे पत्रे उडतात, हे आणखी वेगळं.

म्हणून माझं मत असं झालंय. समृद्धी आणि मुंबई-नाशिक महामार्गावरच्या अपघातांसाठी, दिवसाउजेडी आणि पावसाळा सोडून, ही सेवा आपल्याकडे चालू शकते. पण पाड्यातल्या बाळंतिणीसाठी ती उत्तर नाही. तिला पावसाळ्यात अडतं आणि हेलिकॉप्टरलाही पावसाळ्यातच अडतं. तिला रस्ता लागतो, ओढ्यावर मोरी लागते. साप चावलेल्याला तर जवळच्या आरोग्य केंद्रात लस आणि ती टोचणारा डॉक्टर लागतो. हेलिकॉप्टरच्या घोषणेत ही कामं मागे पडली तर तोटा आमचाच आहे.

एक काम मात्र फुकटात होतं. उतरण्याजोग्या जागांची यादी, अक्षांश-रेखांशासकट, १०८ च्या संगणकात. गेल्या रविवारी मी आमच्या गावच्या शाळेचं मैदान टेपने मोजलं. ३४ बाय ३१ मीटर भरलं. मी खूश झालो. तेवढ्यात सोबतच्या पोराने वर बोट केलं. मैदानाच्या बरोबर मधून विजेची तार गेलीय.