इन्सर्ट वाचवताय, आणि मिनिटं जाळताय!



जॉबवर्कचा रेट कसा काढायचा, या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला होता. तो असा की मशीनचा तासाचा दर अगदी बरोबर काढला, पण जॉबला मिनिटं किती लागणार हेच चुकलं, तर सगळा हिशेब पाण्यात. आणि मिनिटं कशावर ठरतात? स्पीड, फीड आणि डेप्थ ऑफ कट या तीन आकड्यांवर. आज त्यावर सविस्तर बोलू.

माझं स्पष्ट मत आधीच सांगतो. छोट्या सीएनसी शॉपमध्ये पैसा पार्टीबरोबरच्या घासाघिशीत जेवढा जातो, त्यापेक्षा जास्त या तीन आकड्यांत जातो. आणि बहुतेक ठिकाणी हे आकडे मालकाने ठरवलेलेच नसतात. प्रोग्रॅम करणाऱ्याने अंदाजाने टाकलेले असतात, ऑपरेटरने ओव्हरराइडचं बटण फिरवून अजून खाली आणलेले असतात, आणि मालक कपाटाला कुलूप लावून इन्सर्ट मोजत बसलेला असतो.

ऑपरेटरला दोष देऊ नका. इन्सर्ट तुटला की त्याला बोलणी बसतात. जॉब दोन मिनिटं हळू चालला तर कोणी काही बोलत नाही. मग तो हळूच चालवणार ना! तुम्ही ज्याची चौकशी करता, तेच माणूस वाचवतो. म्हणून मिनिटांची चौकशी सुरू करा.

आधी आकड्यांत बघू

मी बीबीए केलेला माणूस आहे, त्यामुळे मशीनकडेसुद्धा हिशेबाच्या वहीतूनच बघतो. उदाहरण समजून घेण्यासाठी आकडे सोपे घेतलेत, तुमच्या शॉपचे वेगळे असतील.

समजा ईएन 24 चा, टेम्पर केलेला शाफ्ट टर्निंगला आलाय. मशीनचा दर तासाला 600 रुपये, म्हणजे मिनिटाला 10 रुपये. त्यात हप्ता, पगार, लाईट बिल, भाडं सगळं धरलंय. इन्सर्ट सीएनएमजी 120408, किंमत 320 रुपये, चार कॉर्नर, म्हणजे एक कॉर्नर 80 रुपयांना. कॉर्नर फिरवून ऑफसेट घ्यायला 3 मिनिटं. जॉब लावायला-काढायला दीड मिनिट.

120 मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीडला आणि 0.2 मिमी फीडला कटिंगची 6 मिनिटं लागतात आणि एक कॉर्नर 60 मिनिटं टिकतो, असं धरू. म्हणजे एका कॉर्नरमध्ये 10 जॉब. एका जॉबचा खर्च असा: कटिंग 60, लावणं-काढणं 15, इन्सर्ट 8, कॉर्नर बदलणं 3. एकूण 86 रुपये. आठ तासांत साधारण 61 जॉब.

आता इन्सर्ट वाचवायचा म्हणून स्पीड 20 टक्के कमी केला, 96 वर आणला. कॉर्नर 60 ऐवजी जवळजवळ 146 मिनिटं टिकला, 19 जॉब निघाले. इन्सर्टचा खर्च 8 वरून 4 रुपयांवर आला. मालक खूश! पण कटिंगची मिनिटं साडेसात झाली, म्हणजे 75 रुपये. एकूण खर्च 96 रुपये. चार रुपये वाचवायला गेलो आणि जॉबमागे दहा रुपयांचा खड्डा पडला. शिवाय दिवसाचे जॉब 61 वरून 52 वर.

मग स्पीड वाढवला की झालं?

नाही. इथे दुसऱ्या टोकाला जाणारेही खूप भेटतात.

स्पीड आणि टूल लाईफचं नातं फ्रेडरिक टेलर या अमेरिकन माणसाने शोधलं. कोणत्या स्पीडला चालवू आणि किती फीड देऊ, या दोन प्रश्नांवर त्याने 26 वर्षं प्रयोग केले, 8 लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेतीन लाख किलोच्या वर लोखंड-पोलाद कापून चिप केलं, आणि 1907 साली निष्कर्ष छापले. त्यातलं सूत्र आजही वापरतात. कार्बाइड टूलसाठी त्यातला घातांक साधारण 0.25 धरला, तर त्याचा व्यवहारातला अर्थ असा: स्पीड 20 टक्के वाढवला की टूल लाईफ निम्म्याच्याही खाली येतं.

आपल्याच उदाहरणात लावून बघा. स्पीड 150 केला. कटिंग 4.8 मिनिटं, पण कॉर्नर साधारण 25 मिनिटंच टिकला, 5 जॉब. खर्च: कटिंग 48, लावणं-काढणं 15, इन्सर्ट 16, कॉर्नर बदलणं 6. एकूण 85. म्हणजे खर्चात एका रुपयाचा फरक. पण जॉब 61 ऐवजी 69 निघाले. अजून पुढे जाऊन 180 केला, तर कॉर्नरला जेमतेम 3 जॉब, आणि खर्च 92 रुपये. चढण संपून उतार लागला.

आता गंमत बघा. स्पीड 120 वरच ठेवला आणि फीड 0.2 वरून 0.25 केलं. कटिंग पुन्हा 4.8 मिनिटंच. फीड वाढवल्यानेही टूल लाईफ कमी होतं, पण स्पीडइतकं नाही. समजा 60 चं 45 मिनिटांवर आलं, म्हणजे 9 जॉब. खर्च: कटिंग 48, लावणं-काढणं 15, इन्सर्ट 9, कॉर्नर बदलणं 3. एकूण 75 रुपये, आणि दिवसाला 72 जॉब!

पार्टीचा रेट 90 रुपये आहे असं समजा. स्पीड कमी ठेवणारा जॉबमागे 6 रुपये घालवतोय, दिवसाला तीनशेच्या वर तोटा. फीड नीट लावणारा जॉबमागे 15 रुपये कमावतोय, दिवसाला हजाराच्या वर. मशीन तेच, माणूस तोच, इन्सर्टसुद्धा तोच. पहिला म्हणतो, "या लाईनमध्ये आता काही राहिलं नाही." दुसरा म्हणतो, "अजून ऑर्डर द्या."

क्रम लक्षात ठेवा: आधी डेप्थ, मग फीड, शेवटी स्पीड

टूल लाईफवर सगळ्यात कमी परिणाम डेप्थ ऑफ कटचा, त्याहून जास्त फीडचा, आणि सगळ्यात जास्त स्पीडचा. म्हणून रफिंगला दोन पासचं काम एका पासमध्ये होतंय का ते आधी बघा. मशीनची ताकद, जॉब कसा पकडलाय आणि बार किती बाहेर आहे, हे मात्र तपासा. पातळ जॉब लांब बाहेर काढून डेप्थ वाढवली तर चॅटर येणारच. स्पिंडलच्या लोड मीटरकडे नजर ठेवा, तो खोटं बोलत नाही.

"फीड वाढवलं की फिनिश जातं," हे लगेच ऐकायला मिळतं. बरोबर आहे, पण त्यालाही उपाय आहे. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठपट, एवढी रेघांची खोली कागदावर येते. 0.8 च्या रेडियसला 0.2 फीडवर ती सव्वासहा मायक्रॉन येते. रेडियस 1.2 चा घेतला, म्हणजे 120412 इन्सर्ट, तर 0.25 फीडलाही साधारण साडेसहाच येते. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला तेवढा रेडियस चालत असेल आणि जॉब कडक पकडलेला असेल, तर फीड वाढवूनही फिनिश जवळपास तेच मिळतं.

सगळ्या मटेरियलला एकच औषध नाही

इन्सर्टच्या डबीवर रंग असतात, ते शोभेला नाहीत. निळा साध्या स्टीलला, पिवळा स्टेनलेसला, लाल कास्ट आयर्नला, हिरवा ॲल्युमिनियम-पितळेला, आणि करडा हार्ड केलेल्या स्टीलला. टायटॅनियम आणि इन्कोनेलसारख्या मटेरियलचा गट वेगळाच.

स्टेनलेस 304 ला घाबरून अगदी बारीक फीड देणारे खूप आहेत. तिथे ते उलट घातक आहे. हे मटेरियल घासलं की कडक होतं, मग पुढचा फेरा त्या कडक थरातच चालतो आणि इन्सर्टची धार जाते. साध्या स्टीलपेक्षा ते उष्णताही कमी वाहून नेतं, त्यामुळे सगळी गरमी टूलच्या टोकाशी साचते. म्हणून स्पीड आवरा, फीड आवरू नका, आणि टूल जागेवर घासत ठेवू नका.

कास्टिंगला वरचा थर कडक आणि वाळूचा असतो. पहिला पास त्या थराच्या खालून जाईल एवढी डेप्थ घ्या. वरवर खरवडलंत तर इन्सर्टचा नुसता दगडावर घासल्यासारखा हाल होतो.

60 एचआरसीचा हार्ड जॉब साध्या कार्बाइडने करण्याचा हट्ट सोडा. तिथे सीबीएन लागतं. किंमत बघून छातीत धडकी भरते हे खरं, पण काही जॉबमध्ये त्याने ग्राइंडिंगचं अख्खं ऑपरेशन वाचतं. तुलना कार्बाइडच्या किमतीशी करू नका, ग्राइंडिंगच्या बिलाशी आणि जॉब बाहेर पाठवून परत येईपर्यंतच्या दिवसांशी करा. आणि डायमंड म्हणजे सगळ्यात भारी, असं समजून पीसीडी स्टीलवर चालवू नका. हिऱ्यातला कार्बन गरम लोखंडात मिसळतो आणि टूल झिजून जातं. पीसीडी ॲल्युमिनियमसाठी.

कॉर्नर किती मिनिटं टिकायला हवा?

"हा इन्सर्ट किती टिकतो?" असं टूलवाल्याला सगळेच विचारतात. मी म्हणतो, किती टिकायला हवा हे आधी स्वतः ठरवा. कार्बाइडसाठी सोपं गणित असं: एका कॉर्नरची किंमत भागिले मशीनचा मिनिटाचा दर. त्यात कॉर्नर बदलायची मिनिटं मिळवा. आलेल्या उत्तराला 3 ने गुणा.

आपल्या उदाहरणात 80 भागिले 10 म्हणजे 8, अधिक 3 म्हणजे 11, गुणिले 3 म्हणजे 33 मिनिटं. कॉर्नर तासापेक्षा खूप जास्त टिकत असेल, तर तुम्ही मशीन झोपवून इन्सर्ट जपताय. दहा मिनिटांत जात असेल तर इन्सर्ट उधळताय. मशीन महाग असेल तर पळवा, इन्सर्ट महाग असेल तर जरा दमाने घ्या, एवढंच हे सूत्र सांगतं.

आणि आता एक गोष्ट, जी टूल विकणारा कधीच सांगणार नाही. मशीन अर्धा दिवस रिकामं उभं असेल, तर हा सगळा हिशेब बदलतो. कारण हप्ता आणि भाडं तुम्ही जॉब केला तरी जाणार, नाही केला तरी जाणार. वाचवलेल्या मिनिटात करायला दुसरं काम नसेल, तर त्या मिनिटाची किंमत 10 रुपये राहत नाही. लाईट वगैरे धरून ती 4 रुपये आहे असं समजा. मग तेच सूत्र कॉर्नर 69 मिनिटं टिकवा म्हणून सांगतं. म्हणजे ऑर्डर नसताना हळू चालवणं शहाणपणाचं, आणि ऑर्डरची रांग असताना हळू चालवणं म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या शॉपला पाठवणं. त्यामुळे हे आकडे एकदा ठरवून विसरायचे नसतात. दिवाळीआधीचा स्पीड आणि मंदीतला स्पीड वेगळा असू शकतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त संख्येने निघणारा एकच जॉब घ्या. शॉप अजून सुरू झालं नसेल, तर ओळखीच्या शॉपमध्ये परवानगी घेऊन एक दिवस उभे राहा. पाच गोष्टी वहीत लिहा: कटिंगची मिनिटं, लावायची-काढायची मिनिटं, एका कॉर्नरला निघणारे जॉब, कॉर्नर बदलायची मिनिटं, आणि मशीन दिवसात किती वेळ रिकामं होतं. मग टूलवाल्याच्या कॅटलॉगमधली स्पीड-फीडची रेंज बघा आणि आपण त्यात कुठे आहोत ते तपासा.

त्यानंतर एका वेळी एकच आकडा बदला. फीड 10 टक्क्यांनी वाढवा, 20 जॉब काढा, साइज, फिनिश आणि इन्सर्टची झीज बघा. जमलं तर पुढची पायरी. ऑपरेटरला शेजारी घेऊन करा, आणि त्याला आधीच सांगा, "या ट्रायलमध्ये इन्सर्ट तुटला तर तो माझ्या खात्यावर." हे एक वाक्य बोललात तरच तो मोकळ्या मनाने बटण पुढे फिरवेल.

रेट वाढवून मागायला पार्टीची परवानगी लागते. मिनिटं कमी करायला कोणाचीच लागत नाही. चला, वही काढा.