दोनदा आलं म्हणून टाकू नका!



आज तुम्हाला माझीच एक चूक सांगते. बाईंच्याही चुका होतात बरं का!

मागच्या दिवाळीत मी माहेरी कपाट आवरत होते. त्यात आजोबांचा सिनेमांचा खोका निघाला. बघते तर ‘मुघल-ए-आझम’च्या दोन डीव्हीडी! “एकच सिनेमा दोनदा कशाला?” असं म्हणत जुनाट दिसणारी मी भंगारात देऊन टाकली.

संध्याकाळी आजोबांनी उरलेली लावली आणि दोनच मिनिटांत बंद केली. “अगं, तुझ्या आजीबरोबर पाहिला तो हा नव्हे,” एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं!

झालं होतं काय? 1960 साली हा सिनेमा आला तेव्हा तो बहुतेक कृष्णधवल होता. शीशमहालातल्या गाण्यासारखा थोडाच भाग रंगीत. 2004 साली तो सगळाच रंगवून पुन्हा थिएटरांत आला. घरात राहिला तो हा रंगवलेला. भंगारवाल्याकडे धावले, पण माल पुढे गेला होता.

मग आजोबांनी आणि मी शंभरपानी वही घेऊन रकाने आखले: क्रमांक, नाव, भाषा, सिनेमाचं साल, डीव्हीडीचं साल, रंगीत की कृष्णधवल, किती मिनिटं. तोच क्रमांक कव्हरवर चिकटवला. तबकडीवर नाही हं!

भाषेचा रकाना कशाला? प्रभातचा 1941 चा ‘शेजारी’ घ्या. हिंदीत तोच ‘पडोसी’. कथा एक, पण चित्रीकरण वेगळं! मराठीत केशवराव दाते, तर हिंदीत मझहर खान. गजानन जागीरदार मात्र दोन्हींत. व्हीसीडीची गंमत तर आणखी निराळी. एका तबकडीत अख्खा सिनेमा मावत नाही, म्हणून दोन-तीन असतात. त्यातली एक ‘जास्तीची’ म्हणून टाकलीत, तर शेवट कोण सांगणार?

तुमच्या घरीही असा खोका असेल. या सुट्टीत आई-बाबांना, आजी-आजोबांना बरोबर घेऊन वही करा. आधी विचारायचं, मग लिहायचं आणि टाकायचं सगळ्यांत शेवटी!

आमच्या वहीत पहिली ओळ आहे, ‘मुघल-ए-आझम, कृष्णधवल’. पुढे आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘प्रत नाही. शोध चालू.’

तुमच्या बाई