दोन मिनिटांचे विमान

भूगोलाच्या तासाला सरांनी सहज विचारले, जगातील सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास कोणता? कोणालाच उत्तर आले नाही. सरांनी ते सांगितले तेव्हा मात्र सगळा वर्ग हसला. मीही हसले. नंतर त्या हसण्याची थोडी लाज वाटली, म्हणून हे चार शब्द.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांमधले अंतर अवघे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असला तर विमान दीड मिनिटातच उतरते आणि विक्रम तर ५३ सेकंदांचा आहे! लोगनएअर कंपनीने ही सेवा १९६७ साली सुरू केली. विमानही चिमुकलेच, आठेक प्रवाशांचे. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टीच जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे. म्हणजे हा सगळा प्रवास तिच्यावरच मावेल.

"एवढ्यासाठी विमान कशाला? चालत जावे की!" असे आमच्यातला एक जण म्हणाला. पण चालणार कोठून? मध्ये समुद्र आहे. होडी आहे, पण समुद्र खवळला की होडीचे काही चालत नाही. पापा वेस्ट्रेवर शंभरसुद्धा माणसे राहत नाहीत. तरी शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी यांची ये-जा या विमानाने होते. तिकिटांच्या पैशांत हा खर्च निघणे शक्य नाही. स्थानिक कौन्सिल त्याला पैसे पुरवते. माझ्या मते ही उधळपट्टी नव्हे.

उधळपट्टी कशाला म्हणावे, हे फ्रान्सकडे पाहून कळते. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लियोंला जाणारे विमान हवेत जेमतेम तासभर असे. पण शहरातून विमानतळ गाठा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, उतरल्यावर पुन्हा शहरात या, हा वेळ कोण मोजतो? वेगवान रेल्वे एका शहराच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात सुमारे दोन तासांत पोचवते. म्हणूनच २०२३ साली फ्रेंच सरकारने ओर्लीहून लियों, नांत आणि बोर्दो येथे जाणारी विमाने बंद केली. तेथे अंतर शेकडो किलोमीटरांचे, तरी विमान अनावश्यक ठरले. येथे पावणेतीन किलोमीटर, तरी ते हवेच. किती किलोमीटर आणि किती मिनिटे, एवढ्यावर प्रवासाची गरज ठरवणे मला पटत नाही. दुसरी वाट आहे का, हे आधी विचारावे.

हे मला इतके का लागावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. गाव येथून बावीस किलोमीटर. नकाशावर पाहिले तर अर्ध्या तासाचा रस्ता. सकाळची गाडी 'प्रवासी कमी' म्हणून बंद झाली, तेव्हापासून फाट्यापर्यंत चार किलोमीटर चालायचे आणि तेथून मिळेल त्या वडापने यायचे. पावसाळ्यात दोन तास सहज मोडतात. पहिला तास बुडतो तो बुडतोच. आई म्हणते, "बाई गं, जवळच्या जवळ तर कॉलेज आहे!" तिला काय सांगू?

भूगोलाचा तास नेमका पहिलाच असतो. ज्या दिवशी वेळेवर पोचेन त्या दिवशी सरांना विचारणार आहे, पापा वेस्ट्रेहून शिकायला जाणाऱ्या मुलांना हजेरी किती टक्के लागते?