नळी पुरली, जोडणीचे काय?



इरई आणि झरपट या नद्यांच्या घाणीचा विषय काढला की चंद्रपुरात ठरलेले उत्तर मिळते, ‘मलशुद्धीकरण केंद्र आहे ना!’ आहे. पठाणपुरा आणि रहमतनगर, दोन्हीकडे आहे. पण नदी वाचते ती केंद्रात पोचलेल्या पाण्यामुळे, केंद्राच्या भिंतींमुळे नाही.

साधा हिशेब मांडतो. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 20 हजारांच्या आसपास होती. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी हे सरकारी प्रमाण धरले, तरी रोजचे साधारण साडेतीन कोटी लिटर होते. तेही जुन्या लोकसंख्येवर. यातला जो लिटर भुयारी नळीत शिरत नाही तो नालीतून नाल्यात, नाल्यातून झरपटीत आणि पठाणपुऱ्यापलीकडे इरईत जातो.

आमच्या गल्लीत रस्ता फोडून नळी पुरली, रस्ता बुजवला. घराघरातले संडास मात्र सेप्टिक टँकलाच जोडलेले राहिले आणि टँकचे वरचे पाणी नालीत. ‘जोडणीसाठी अंगण फोडायचे, खर्च करायचा, कोण करतो?’ असे शेजारी म्हणायचे. खोटे कशाला बोलू, दोन वर्षे मीही तेच म्हणत होतो. त्यामुळे दोष नळी पुरणाऱ्या एकट्या ठेकेदाराचा नाही. गरीब घरांची जोडणी सरकारी खर्चाने आणि बाकीच्यांची सक्तीने, याशिवाय मार्ग दिसत नाही.

केंद्रातले खरे काम जिवाणू करतात. चाळणीने प्लास्टिक आणि चिंध्या अडतात, वाळू खाली बसते, मग हवा सोडलेल्या टाकीत हे जिवाणू मैला खातात. हवा बंद पडली की काही तासांत ते गुदमरतात. म्हणजे वीजबिल थकले किंवा पंप बिघडला, की टाकीत पाणी दिसते, शुद्धीकरण होत नाही. कच्च्या मैलपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असते. ती चंद्रपूरसारख्या शहरांत 30 च्या आत आणावी, अशी केंद्र सरकारची 2017 ची अधिसूचना आहे. ती रोज पाळली जाते का, हे नागरिकाने कुठे पाहायचे?

शिवाय नेहमीच्या शुद्धीकरणानंतरही पाण्यात नत्र आणि स्फुरद बरेच उरते. झरपटीतला इकॉर्निया (जलपर्णी) त्यावरच माजतो. दरवर्षी यंत्र लावून तो उपसायचा म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसायचे.

यावर उपाय घराशेजारीच आहे. 2016 च्या राष्ट्रीय वीज दर धोरणानुसार मलशुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्राने शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक आहे. आपले महाऔष्णिक केंद्र तर शहराला लागूनच आहे आणि शहरासारखेच तेही इरई धरणाचे पाणी पिते. 2010 च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी त्याचे संच बंद ठेवावे लागले होते. नागपूरच्या भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, मग आपल्याकडचा प्रत्येक लिटर का जाऊ नये? काहीजण म्हणतात, सांडपाणीही काढून घेतले तर उन्हाळ्यात इरईत राहील काय? शंका रास्त आहे. म्हणून वीज केंद्राचे जेवढे पाणी वाचेल, त्यातला ठरावीक वाटा धरणातून नदीत सोडण्याचे बंधन त्याच करारात हवे.

हा एकट्या चंद्रपूरचा प्रश्न नाही. इरई हडस्तीजवळ वर्धेला मिळते, वर्धा पुढे चपराळा अभयारण्यापाशी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. तीच अहेरीवरून सिरोंच्याला जाते. त्या काठची माणसे आणि जनावरे आपल्या गल्लीतल्या जोडणीची वाट पाहू शकत नाहीत.

माझी मागणी दोनच फलकांची आहे. प्रत्येक केंद्राच्या दारात रोज किती पाणी आले, कसे आले, कसे गेले, हे मराठीत लिहा. प्रत्येक प्रभागात किती घरांपैकी किती जोडली, हे लिहा. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आलेले भाविक झरपटीत उतरतात. पुढच्या यात्रेआधी हे फलक लागावेत.

आपला,
पठाणपुरा परिसरातील एक वाचक, चंद्रपूर