आधी मेंबरांची यादी दाखवा

लोणावळ्याकडं सुट्टीचा बंगला बांधणाऱ्यांना म्हणे मोठा पेच पडतो : मेंबरशिप कुठल्या गोल्फ क्लबाची घ्यावी? होल ९ की १८, फी किती, बंगल्यापासून किती मिनिटं. दोस्तांनो, मी म्हणतो, या हिशेबात दोन सवाल घाला.

पहिला पाण्याचा. आंबी व्हॅलीचं १८ होलचं मैदान मुळशी तालुक्यात आखलं गेलं. याच मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी गावं बुडालीच. त्या तालुक्यात भर उन्हाळ्यात हिरवळ कुणाच्या वाट्याच्या पाण्यावर जगते?

दुसरा दाराचा. जुन्या, नामांकित क्लबांत नुसता पैसा चालत नाही. एक मेंबर नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, कमिटी पारखते. म्हणजे क्लबच तुम्हाला निवडतो! जात विचारायची गरजच काय? ओळख लागते, आणि या देशात ओळखी जातीच्या वाटेनंच चालत येतात. घटनेच्या १५ व्या कलमानं विहिरी, तळी, दुकानं, हॉटेलं खुली केली. खाजगी क्लबाचं नाव त्यात नाही.

गवत कापायला आपला माणूस चालतो, बॅग वाहायला चालतो. यादीत का नाही?

बंगलेवाल्यांनो, यादी मागा. आडनावं वाचा. मग करा सही.