सही करणाऱ्याने वाचलेच पाहिजे

मार्च २०२४ मध्ये लिथियम बॅटरीवरचा एक शोधनिबंध जगभर गाजला. पण त्यातल्या संशोधनामुळे नव्हे. ‘सरफेसेस अँड इंटरफेसेस’ या एल्सेव्हिअरच्या संशोधनपत्रिकेत आलेल्या त्या निबंधाची प्रस्तावनाच ‘नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू झाली होती. चॅटबॉटने प्रश्नकर्त्याला दिलेले उत्तर जसेच्या तसे छापले गेले होते. लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधन अशा सगळ्या टप्प्यांतून निबंध पार पडला आणि पहिले वाक्य कोणालाही खटकले नाही. पुढे तो मागे घ्यावा लागला.

त्याच्या महिनाभर आधीचे प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे. ‘फ्रंटियर्स’ या प्रकाशनसंस्थेच्या एका पत्रिकेत उंदराच्या शरीररचनेचे चित्र आले. त्यातल्या अवयवांचे आकार अशक्य होते आणि बाजूला लिहिलेल्या बहुतेक नावांना कोणत्याच भाषेत अर्थ नव्हता. चित्र ‘मिडजर्नी’ या चित्रे काढणाऱ्या यंत्रप्रणालीने तयार केल्याचे लेखकांनी निबंधातच नमूद केले होते. म्हणजे लपवाछपवी काहीच नव्हती. तरीही १३ फेब्रुवारीला प्रसिद्ध झालेला निबंध तीन दिवसांत मागे घेतला गेला, कारण एका परीक्षकाने आक्षेप घेऊनही ते चित्र तसेच छापले गेले होते.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ अखेरीस आले आणि दोन महिन्यांच्या आत ‘नेचर’ व ‘सायन्स’ या पत्रिकांनी यंत्राला लेखक मानायला नकार दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेनेही तेच सांगितले. लेखक म्हणजे लिहिलेल्याबद्दल जाब देणारा माणूस. निष्कर्ष चुकला तर यंत्राला कोणी उभे करू शकत नाही. यंत्राची मदत घ्यावी, ती कुठे व कशी घेतली हे सांगावे आणि मजकुराची जबाबदारी माणसाने घ्यावी, असा हा नियम आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. उंदराच्या चित्राचा निबंध तिसरीपाशी कोसळला.

मदत घेण्यात गैर काही नाही. मराठी माध्यमात शिकून रसायनशास्त्रात किंवा शेतीशास्त्रात उत्तम काम करणाऱ्या संशोधकाला इंग्रजी वाक्यरचनेपायी निबंध परत आल्याचे दुःख ठाऊक असते. त्याने स्वतःच्या निष्कर्षांची भाषा यंत्राकडून सुधारून घेतली, तर त्यात विज्ञानाचा लाभच आहे. पण निष्कर्षच यंत्राचा आणि संदर्भही यंत्राने रचलेले असतील, तर त्या निबंधात संशोधकाचे असे काही उरत नाही.

एकदा छापलेली चूक पुसणे फार अवघड असते. १९५९ च्या एका निबंधाचे पान दोन स्तंभांत छापलेले होते. पुढे त्याचे संगणकीकरण होताना शेजारच्या स्तंभांतले शब्द एकमेकांना चिकटले आणि ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ हे अस्तित्वातच नसलेले तंत्र जन्माला आले. अलीकडे ते वीसेक निबंधांत आढळले आणि भाषा-प्रारूपांनीही ते आत्मसात केल्याचे दिसले. म्हणजे आज न वाचता छापलेला निबंध उद्याच्या यंत्राचा पाठ्यग्रंथ होतो.

भारतात हा प्रश्न आणखी बिकट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम मजकुरातले साम्य मोजतात. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. यंत्र वाक्ये नव्याने जुळवून देते, त्यामुळे साम्याचा अहवाल स्वच्छ येतो आणि प्रबंध पुढे सरकतो. पत्रिकांची पारख करण्यासाठी आयोगाची ‘केअर’ यादी होती आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. ती बंद केल्याचे आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. आता चांगली पत्रिका कोणती हे महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी स्वतः ठरवायचे आहे. अशा वेळी निबंधांची संख्या मोजून बढती देणारी संस्था आपल्याच प्राध्यापकांना यंत्राच्या दारात नेऊन उभे करते.

यावर कोणतेही सॉफ्टवेअर पुरे पडणार नाही. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधने चुकतात आणि परभाषेत साधे, सरळ लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसावरही संशय घेतात. उपाय आहे तो मार्गदर्शकाच्या टेबलावर. विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या प्रबंधातला कोणताही एक परिच्छेद समजावून सांगायला लावावा, संदर्भसूचीतले पाच लेख काढून दाखवायला सांगावेत. ज्याने काम केले आहे, त्याला हे जड जात नाही.

या अंकाच्या वाचकांत प्राध्यापक आहेत, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आहेत, पत्रिकांचे संपादक आहेत. त्या सर्वांना कळकळीची विनंती एवढीच, की ज्या निबंधावर नाव घालायचे, तो आधी शेवटच्या संदर्भापर्यंत स्वतः वाचावा. आणि वाचायला वेळ नसेल, तर नाव घालू नये.